बिनकोंबड्याची अंडी

आधी कपबशी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकानं माझ्या नव्या शर्टावर चहा उडवला होता. आणि मला मूर्ख म्हणायचं असेल तर रांगेत उभे राहा. पुढे आमचं सगळं खानदान उभं आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी चावून चावून गावाचे जबडे दुखत होते. मी पहिल्याच वर्षी शेतकी कॉलेज सोडून घरी आलो होतो. का सोडलं? तिथले मास्तर पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवायचे आणि नांगर फळ्यावर काढायचे. घरी आलो तर इथंही मास्तरच!

अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सोलापुरात पेंड-सरकीचं दुकान. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या गावातून रोज जायचे. त्यांचं एकच पालुपद : "दुकानात बस." जन्मभर पेंड विकली, पण घरच्या म्हशीचं दूध पावशेरानं वाढवता आलं नाही या गृहस्थांना. आणि मी यांच्या गादीवर बसू?

मी जाहीर केलं, "कोंबड्या पाळणार."

आमचं लिंगायताचं घर. अंड्याचं नाव काढलं तरी अव्वा, म्हणजे आई, चूळ भरायची. अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, विभूतीचं बोट कपाळावरच थांबवलं.

"एनो तम्मा, काय रं पोरा, माणसाला ज्वारी पुरंना, आन् तू कोंबड्यास्नी घालणार?"

"अज्जा, ज्वारी खाऊन माणूस काय देतो? कोंबडी अंडं देते! त्यावर पोरं पोसली जातात. देश असाच उभा राहणार, तुमच्या जपानं नाही."

"आन् जीवहत्या?"

"कसली हत्या? शेडमध्ये कोंबडाच नसणार. कोंबडा नाही तर अंड्यात जीव नाही. जीव नाही म्हणजे शाकाहारी. भेंडीसारखं!"

"भेंडी अंडं घालत न्हाय," अज्जा म्हणाले.

अप्पांनी निकाल दिला. "संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरती, तवर एक अंडं दाखव. एकच. न्हाय दाखवलंस तर दुसऱ्या दिवशी दुकानात. खातोस लई, वराडतोस त्याहून लई!"

दसरा झाल्यावर मी पिल्लांच्या केंद्रावर गेलो. तिथं दोन प्रकारच्या पेट्या. एका पेटीतली पिल्लं महाग, दुसरीतली मातीमोल. दोन्हीकडे तोच पिवळा कापूस, तीच चिवचिव! मी स्वस्तातली पन्नास मागितली. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, कशासाठी हवीत? कारण ही जी आहेत ना—"

"मला शिकवू नका," मी म्हणालो. "कॉलेजात होतो मी."

त्यानं मुकाट्यानं पेटीला सुतळी बांधली. येताना एसटीत मला हसू आवरत नव्हतं. काय गंडवलं बेट्याला!

शेतात पत्र्याची शेड बांधली. झाडलोटीला गंगूमावशी ठेवली. धनगराची म्हातारी, जन्म कोंबड्यांत गेलेला. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडात सल्ले दिसायला लागले, म्हणून मी शेडवर पाटी ठोकली : "येथे शास्त्रीय पद्धत आहे. अनुभवी माणसांनी बोलू नये."

पन्नासच्या पन्नास जगली. एक दगावलं नाही! आणि वाढ काय सांगू? तुरे असे फुटले की नुसती लाल कर्दळ. माझ्याकडे एक सरकारी पुस्तिका होती. तिच्यात छापलंच होतं : तुरा लाल झाला की कोंबडी अंड्यावर आली समजावं. पुस्तिका पाच महिने म्हणत होती, पण माझ्या खुराकावर तीनच लागणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

"मालक, एक बोलू का?" मावशी म्हणाली.

"नको."

मग त्या एकमेकींच्या अंगावर धावायला लागल्या. पिसं उडाली, डोकी फुटली.

"मालक, आता तरी बोलू का?"

"नको! अंड्याची जागा धरतायत त्या. बायका नळावर भांडत नाहीत का?"

जत्रा आठवड्यावर आली आणि नवीनच भानगड. कोंबड्या माना ताणून घशातून घर्रऽऽ घर्रऽऽ करायला लागल्या. थंडी होती. मी निदान केलं : सर्दी. अव्वाकडून आलं-तुळशीचा काढा करून घेतला. तिनं पदरानं नाक धरून केला, पण केला. पन्नास चोची उघडून मी स्वतःच्या हातानं तो पाजला. रोज. दोन वेळा.

मावशी खराटा टेकून बघत होती. "मालक—"

"नको म्हटलं ना!"

मावशी पदराआड खोकली. तिलाही काढा दिला.

आता एवढी तयारी झाल्यावर अंडं काय गुपचूप घ्यायचं? मी तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांना आवतण दिलं. त्यांना काम पसंत पडलं तर पाचशे कोंबड्यांची योजना मंजूर होणार होती. मग कुठले अप्पा आणि कुठलं दुकान! शेडला तरटाचा पडदा लावला. साहेब दोरी ओढतील, आत पन्नास कोंबड्या, खाली अंडी, टाळ्या. सगळं ठरलेलं.

साहेब जीपनं आले. गाव जमलं. अप्पा दुकान बंद ठेवून आले. हा माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला अर्धा दिवस दुकान उघडून आला होता! अज्जा बाभळीखाली, शेडचा वास येणार नाही अशा बेतानं बसले.

साहेब बोलायला उभे राहिले. "बंधूंनो, ज्वारीला अंड्याची जोड मिळाली तर—"

तरटामागून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. काढ्यानं घसा सुटलेला.

"कुकूऽऽचकूऽऽ!"

साहेब थबकले. "एखादा कोंबडाही ठेवलाय वाटतं?"

"छे छे, साहेब!" मी छाती काढून म्हणालो. "एकही नाही. शास्त्रीय पद्धतीत कोंबडा लागतच नाही!"

माझं वाक्य संपलं आणि पन्नासच्या पन्नास एकदम आरवले. पत्रा थरथरला. गावातली कुत्री भुंकली. साहेबांच्या ड्रायव्हरनं जीपवर कपाळ टेकलं, त्याचे खांदे हलत होते.

साहेबांनी दोरी ओढली. आत बघितलं. पुन्हा बघितलं.

"बाळ, आणि कोंबडी कुठं आहे?"

"ह्या काय साहेब! पन्नास आहेत. मोजा की."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरात कुणी गेल्यावर ठेवतात ना, तसा. "शिक्षण किती झालंय?"

आता खरं सांगतो, पहिल्या वर्षाला नुसती माती आणि खतं होती. कोंबड्यांचा विषय दुसऱ्या वर्षाला होता.

जीप गेली. गाव पोट धरून पांगलं. मी मावशीकडे वळलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. तुरं फुटलं तवाच."

"मग बोलला का नाही?"

"तुमी पाटी लावलीया न्हवं!"

"तुम्हाला कुठं वाचता येतं?"

"मला न्हाय येत," मावशी म्हणाली. "तुमीच वाचून दावली की. दोनदा."

अप्पा पुढे आले. कनवटीची दुकानाची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं! निदान मला उलट ओरडता आलं असतं.

अज्जा काठी टेकत तरटापाशी आले. जन्मात पहिल्यांदा त्या शेडजवळ आले. आत वाकून बराच वेळ पुटपुटत मोजत राहिले.

"किती म्हणालास साहेबाला?"

"पन्नास."

"चुकलं. एक्कावन्न हायत."

"पन्नासच आणले होते, अज्जा."

"ज्वारी खाणार पोटभर, वराडणार गावभर, आन् अंडं एक न्हाय," अज्जा माझ्याकडे निरखून बघत म्हणाले. "एक्कावन्नच हायत, तम्मा."

त्या दिवसापासून मी पेंडीच्या गादीवर बसतोय. हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. थेरड्याचं गणित बरोबर होतं.