मंगलचो पावणो

मंगल गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. सकाळी चहा गाळत होते. फोनवर तिचं नाव दिसलं म्हणून नेहमीसारखं "बोल गो" म्हटलं, तर पलीकडे तिच्या शेजारच्या सुलभावहिनी. म्हणाल्या, "बाई, मंगल गेली. नारळ पाडूक माणूस इल्लो, दार कोण उघडना नाय म्हणान ह्येंनी मागच्या दारान आत जावन बघितल्यानी... झोपेतच गेली." आणि जरा थांबून, "पावण्याक आता कोण बघतला, ता कळना नाय." पावणो म्हणजे मंगलचा कुत्रा. कणकवलीहून आचऱ्याच्या एसटीत बसले तेव्हा मला रडू येत नव्हतं. त्या कुत्र्याला कुणी काही खायला घालू नये, एवढंच डोक्यात होतं. माहीत नसताना कुणी भाकरीचा तुकडा टाकला असता तर तो गुदमरून गेला असता.

आम्ही दोघी आचऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी पुढे शिक्षिका झाले, लग्न करून कणकवलीला आले. मंगल गावातल्या सोसायटीत कारकून म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. भाऊ मुंबईत स्थिरावला, वडील लवकर गेले, आणि आई मधल्या खोलीत कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून राहिली. आई गेल्यावर मंगलने त्या खोलीला कडी घातली. मी राहायला गेले तरी आम्ही दोघी पडवीत झोपायचो. पेन्शन नव्हती, ठेवीचं व्याज आणि घरामागच्या परड्यातले नारळ यांवर तिचं भागायचं. बोलायची अगदी कमी. फोन केला की "बरा आसा" एवढं म्हणायची आणि मग मीच बोलत राहायचे. कधीकधी मला वाटायचं, आपण फोन ठेवल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत ही तोंडातून शब्द काढत नसेल...

चारेक वर्षांपूर्वी, पावसाळा सरताना, ती मासळी आणायला किनाऱ्यावर गेली होती. तिथे जाळ्यांच्या ढिगाजवळ एक तांबूस पिल्लू पडलेलं दिसलं. बाकीची पिल्लं आईला लुचत होती, हे बाजूला. मंगल बांगडे घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी मासळी नको असतानाही गेली, तर पिल्लू तिथेच होतं आणि बाकीची कुठे दिसत नव्हती. पिशवीत घालून तिने ते घरी आणलं आणि मला फोन केला. तिने आपणहून केलेला असा फोन मला आठवत नव्हता. "चार दिसांचो पावणो आसा," ती म्हणाली. "पोटात कायच टिकना नाय. माका तरी तो जगतलो असा वाटना नाय."

तेच त्याचं नाव पडलं. दूध जेमतेम आत जायचं, पण मऊ भात कालवून दिला की क्षणात जसाच्या तसा बाहेर. भूक मात्र एवढी की बाहेर पडलेलं पुन्हा खायला धावायचा. बरगड्या दिसत होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अन्न पोटापर्यंत पोचतच नाही, कोल्हापूरला न्या. मी आणि मंगल भाड्याची गाडी करून फोंडाघाट चढून गेलो. पिल्लू तिच्या पदरात, आणि वळणावळणावर तीच ओकत होती, कारण तिला गाडी लागायची. कोल्हापूरची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. हृदयाजवळची एक शीर अन्ननलिकेला आवळून बसली होती. जन्मजात दोष. वरचा भाग फुग्यासारखा सुटला होता आणि अन्न तिथेच साचत होतं.

"ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाली, "पण छाती उघडावी लागते. टेबलावरच जाऊ शकतं. जगलं तरी नलिका पूर्ववत होईलच असं नाही. खर्चही बराच आहे. लोक सहसा..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"आणि घरी नेलं तर?" मंगलने विचारलं. ऑफिसात आणि दवाखान्यात ती नेहमी शुद्ध मराठीत बोलायची.

"हळूहळू उपाशी मरेल."

मंगलने पिल्लाच्या कानामागे बोट फिरवलं. "मग तुम्ही तारीख द्या. पैशांचं मी बघते." डॉक्टर म्हणाली, आधी वजन वाढायला हवं, तोवर पातळ खाणं द्या, उभं धरून भरवा आणि नंतरही थोडा वेळ तसंच उभं धरा, म्हणजे खाली उतरेल.

परतताना मी म्हटलं, पैसे मी देते. माझी पेन्शन होती, मुलगा कमावता होता. घाट उतरल्यावर ती म्हणाली, "तुजे पैसे घेतलंय तर कुत्रो तुजो होतलो. माका तो माजो होयो." तिने आयुष्यात काही तरी स्वतःसाठी हवं म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ठेव मोडावी तर रोजचं कशावर भागवायचं? त्या आठवड्यात तिने मधल्या खोलीची कडी काढली. मला बोलावून घेतलं होतं. आत औषधांचा वास अजून होता. आईची खाट आम्ही दोघींनी धरून बाहेर काढली, भिंतींना चुना दिला, नवीन गादी आणली. किनाऱ्यावरच्या खानावळवाल्याला तिने सांगून ठेवलं, राहायला जागा विचारणारे पर्यटक असले तर धाडा. जी बाई गावच्या जत्रेतही कडेला उभी राहायची, तिने अनोळखी माणसांना घरात घेतलं. पहिलं जोडपं आलं तेव्हा भाडं सांगायची तिला एवढी लाज वाटली की त्यांनीच आकडा सांगितला आणि हिने मान हलवली. चहा ठेवून दाराआड उभी राहिली.

पण पावणो खाल्ल्यावर खांद्याशी उभा धरावा लागायचा, लहान मुलाला ढेकर काढायला धरतात तसा. तिला तसं अंगणात फेऱ्या मारताना पाहिलं की लोक विचारायचेच. मग तिला सांगावं लागायचं. दिवाळीत मी गेले तेव्हा पडवीत सांगलीची माणसं बसली होती आणि मंगल त्यांना शीर कुठे आहे, ते बोटाने दाखवत होती. घावणे गरम होते, नारळाचा रस होता, पोरं कुत्र्याभोवती नाचत होती. मी दारातच थांबले. तिचा एवढा आवाज मी शाळेनंतर ऐकलाच नव्हता.

नाताळची गर्दी ओसरल्यावर आम्ही पुन्हा घाट चढलो. ऑपरेशन चालू असताना ती बसली नाही. भिंतीला टेकून उभी होती. "तो गेलो तरी चलात," असं काहीतरी म्हणाली आणि लगेच, "नाय, चलाचा नाय." मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, "माका बरा वाटलेला गो. सकाळी खोलीतला कोणतरी 'मावशी' म्हणान हाक मारी तेवा." मी तिचा हात धरला. डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिने तोंडावरचा मास्क काढला आणि हसली. आमच्या दोघींच्याही लक्षात यायला वेळ लागला.

पावणो जगला. पूर्ण बरा मात्र झाला नाही. नलिका सैल राहिली, त्यामुळे पेज, पातळ भात, उभं धरणं हे कायमचं झालं. मोठा झाल्यावर खांद्यावर मावेना, तेव्हा ती पायरीवर बसून त्याचे पुढचे पाय आपल्या गुडघ्यांवर घ्यायची. खोली तिने पुढचे दोन हंगाम चालू ठेवली, ऑपरेशनचा खर्च भागल्यावरही. लोक जाताना म्हणायचे, मावशी, पुढच्या वर्षी नक्की येणार. ती खरं धरायची. एका मुलीने लग्नाला यायचं वचन घेतलं होतं. मंगलने साडी काढून ठेवली. पत्रिका आली नाही. मी काही बोलले तर म्हणाली, "पोरग्यांका कामा असतत." गेल्या हंगामात खानावळवाल्याने माणसं धाडली तर तिने खोली दुरुस्तीला काढलीय म्हणून सांगितलं. "माणसा गेल्यावर घर पयल्यापेक्षा मोठा वाटता," एवढंच मला म्हणाली. मी तेव्हा जाऊन चार दिवस राहिले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

मंगलचा भाऊ मुंबईहून आला, सगळं रीतसर केलं. चांगला माणूस आहे, पण घाईत होता. "कुत्र्याचं काय करायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे नेते. त्याने घराची एक किल्ली माझ्याकडे दिली, अधूनमधून दारं-खिडक्या उघडायला.

मागच्या आठवड्यात गेले. पावण्याला सोबत नेलं आणि वाटभर मला धास्ती होती की तो तिला शोधेल, ओरडेल. तसं काही झालं नाही. तो सगळ्या खोल्यांतून एकदा फिरला, मधल्या खोलीत शेपटी हलवली, मागच्या दारी पाणी प्यायला आणि बाहेर जाऊन रिक्षात बसला. रिक्षावाला म्हणाला, "बाई, ह्यो तयार आसा." मी म्हटलं, "इलंय." तरी केर काढला. चुलीजवळची फडताळं पुसली. पडवीत थोडी बसले. बाहेर माडांचा आवाज होता, बाकी काही नाही. उठले, दार ओढलं, कुलूप लावलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने बंद दाराला म्हटलं, "येतंय गो." मग जरा वेळ तिथेच उभी राहिले... रिक्षाशी पोचले तोवर पावण्याला झोप लागली होती.