डावा कागद, उजवा कागद

गेल्या महिन्यात एका रविवारी गुलमंडीवरून घरी आले, ती तणतणतच. पिशवी सोफ्यावर टाकली आणि जाहीर केलं, माझं जॅकेट मीच शिवणार. नवऱ्याने मोबाईलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली... शहाणा माणूस आहे.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी फुलंब्री रोडवर स्कूटीवरून पडले आणि डावी कॉलर बोन मोडली. हाड जुळलं, पण खांदा उतरला तो उतरलाच. तेव्हापासून कुठलाही ड्रेस डावीकडून घसरतो आणि मी वर ओढणी घेऊन पिन लावते. ऑफिसला ओढणी, भाजी आणायला ओढणी, दाराची बेल वाजली की आधी ओढणी.

आईकडे एक हिमरूचं, रेशीम-सुताच्या विणीचं कापड होतं. तिच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेलं, गर्द जांभळं, फिकट सोनेरी बुट्टीचं... इतकी वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून. ताईच्या मुलीच्या लग्नात त्याचं जॅकेट घालायचं आणि तेही ओढणीशिवाय, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण कापड जेमतेम दोन मीटर. कात्री चुकली की खेळ खल्लास, तसलं जुनं कापड आता आणायचं कुठून?

गुलमंडीवरच्या एका टेलर मास्टरांनी ते बोटांनी चाचपून परत दिलं. "बाजी, पुराना माल है, कैंची लगते ही धागे छोड़ेगा." हे एक वेळ पटलं. दुसरे माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "टेन्शन नका घेऊ ताई, डावीकडं जाड पॅड टाकतो. कुणाला कळणार पण नाय." अशी तिडीक गेली ना डोक्यात! लपवायचंच असतं तर ओढणी काय वाईट होती?

आई आता सिडकोत आमच्याकडेच असते. पूर्वी फुलंब्रीत ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवायची. आता नजर साथ देत नाही, पण जुनी कटिंग्ज तिने टाकली नाहीत... वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कागद, प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीने एकेका बाईचं नाव. त्यात 'कुसुम' लिहिलेले कॉलरच्या जॅकेटचे कागद निघाले, छातीचं माप अगदी माझंच. मी उडीच मारली.

प्रत्येक भागाचे कागद दोन-दोन होते, डावा आणि उजवा. एकावर एक ठेवून बघितले तर किंचित कमी-जास्त. मी वाळूजला कंपनीत क्वालिटी तपासायचं काम करते हो, दिवसभर हेच बघते. मला वाटलं, आईची कात्री चुकली असणार. मी डावे कागद बाजूला टाकले आणि कापड दुमडून उजव्यावरूनच दोन्ही बाजू कापल्या.

हिमरू नाही हं! आधी चाचणीला स्वस्तातलं मांजरपाट. तेवढी अक्कल होती.

पहिलं मांजरपाट डाव्या खांद्यावर चुरगळलं. उसवलं, तिथं दाबलं, तर बगलेत काचायला लागलं. दुसरं कापलं, तेच. पुढच्या रविवारी तिसरं घालून आरशासमोर उभी राहिले आणि रडूच आलं. लग्न आठ दिवसांवर... म्हटलं जाऊ दे, टाकू पॅड आणि संपवू कटकट.

कुसुमचे कागद आईच्या हातात दिले, ठेवून दे म्हणाले. तिने ते बोटांनी मोजले. "सुनी, डावे कुठंयत?"

मी म्हटलं, ते चुकलेले होते.

"चुकलेले?" आईचा आवाज असा चढला, की मी थेट चौथीच्या वर्गात गेले. "मी बाईची डावी-उजवी दोन्ही मापं घ्यायची. घडीवर कापून मोकळं व्हायला माणूस काय उशीचा अभ्रा हाय व्हय?"

मग सगळा गठ्ठाच सोडला. मी नावं वाचत गेले आणि आई सांगत गेली... कुसुमचा उजवा खांदा चढता, शकूची एक बाजू भरलेली, मास्तरीणबाईंचा एक हात बारीक. मी कागद एकमेकांवर ठेवून बघत गेले. एवढ्या बायका, पण एकीचेही दोन कागद तंतोतंत जुळले नाहीत. आणि मी येडी तीन वर्षं समजत होते, वाकडी मी एकटीच!

आईने टेप मागवला. आकडे मी वाचले, पण खांदा तिने स्वतः बोटांनी चाचपला, मानेपासून टोकापर्यंत, आधी उजवा, मग डावा. त्या हाडाला तीन वर्षांत मी डॉक्टर सोडून कुणाला हात लावू दिला नव्हता.

नव्या कागदांवरचं मांजरपाट पहिल्या फटक्यात बसलं. मग हिमरू. धाग्यांचं ते मास्टर खरंच बोलले होते, म्हणून खडूच्या रेषेबाहेर आधी मशीनची टीप मारून घेतली आणि मगच कात्री लावली.

परवा सिल्लोडला लग्न झालं. मांडवात एक वहिनी जॅकेट निरखत म्हणाल्या, "लई भारी बसलंय, कुठल्या बुटिकचं गं?" मी डावा खांदा त्यांच्यापुढे केला आणि सगळी गोष्ट सांगितली, पडल्यापासूनची.

काल आईने माझे कागद मागून घेतले. निळ्या पेन्सिलीने, अंदाजाने, वेड्यावाकड्या अक्षरात एकावर लिहिलं 'सुनी डावा', दुसऱ्यावर 'सुनी उजवा', आणि कुसुमच्या खाली ठेवून दिले. थँक यू आई... त्या गठ्ठ्यात मलाही जागा दिलीस.

ओढणी धुऊन ठेवलीय. आता ती फक्त उन्हात स्कूटीवर तोंडाला बांधायला.