पहिला पॅच आणि बाबांचा लॅपटॉप

बाबांच्या लॅपटॉपचं झाकण लावून पुन्हा उघडलं की आवाज गायब व्हायचा. रोज संध्याकाळी नागपूरहून काकांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दोघे म्हातारे भाऊ एकमेकांना हातवारे करत बसायचे. त्या लॅपटॉपवर ओपन सोर्स सिस्टिम हौसेने मीच घालून दिली होती, त्यामुळे निस्तरायचंही मलाच होतं. तोड सापडली: स्पीकर चालू करण्याआधी क्षणभर थांबलं की आवाज यायचा. पण प्रत्येक अपडेटला माझी दुरुस्ती पुसली जायची आणि मी ब्रॅकनेलहून पुन्हा लंडनमधल्या पिनरला, बाबांच्या घरी पळायचे.

यावर उपाय एकच होता. दुरुस्ती थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच जायला हवी होती. तिथे कुणीही बदल सुचवू शकतं. त्याला पॅच म्हणतात. तो सगळ्यांना दिसेल असा ईमेलने पाठवायचा, आणि त्या भागाची देखभाल करणारा, म्हणजे मेंटेनर, तो तपासून स्वीकारतो किंवा नाकारतो. मी धीर करून पाठवला. मेंटेनरचं एका ओळीचं उत्तर आलं: हा विलंब कशासाठी?

मला तो दमच वाटला. आमच्या घरात "हे कशासाठी?" हा प्रश्न नसायचा, दटावणी असायची. बाबांनी तसं म्हटलं की हातातलं ठेवून गप्प बसायचं. कारण सांगणं म्हणजे उलट उत्तर देणं. मी मुकाट्याने विलंबाची ओळ काढली, लांबलचक माफी लिहिली, आणि पाठवण्याआधी एकदा तपासावं म्हणून पिनरला गेले. आवाज अर्थातच आला नाही.

"मग काढलीस कशाला ती लाइन?" बाबांनी विचारलं.

"ते रागावलेत, बाबा. सगळ्यांसमोर."

बाबांनी चष्मा पुसून मेल वाचली. इथल्या हॉस्पिटलांत आयुष्य काढलेला डॉक्टर माणूस. "अगं, वॉर्ड राउंडला कन्सल्टंट असंच विचारायचे. व्हाय धिस डोस? पहिल्यांदा मीही घाबरलो होतो. ही इज जस्ट आस्किंग. रीझन दे आणि मोकळी हो."

हे कोण सांगत होतं, तर बाबा.

मी माफी पुसली आणि विलंब नसला तर काय होतं ते साध्या शब्दांत लिहिलं. उत्तर आलं: पटलं, हेच पॅचच्या वर्णनात घालून पुन्हा पाठव. रागाचा मागमूस नव्हता. पॅच घेतल्याची मेल ट्रेनमध्ये वाचली तेव्हा इतकं हायसं वाटलं की माझं स्टेशन मागे पडलं.

पुढे तो बदल अपडेटमधून पिनरलाही पोचला. बाबांनी झाकण लावलं, उघडलं, आणि काकांचा आवाज खोलीभर झाला. "अरे, ओरडू नकोस, ऐकू येतंय मला," काका म्हणत होते.

कॉल संपल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "मेंटेनरला अजूनही पॅचच्या मेल करत असतेस म्हणे. ऑफिसचं काम नाही, काही नाही. हे कशासाठी?"

तोच जुना सूर. सवयीने मी माझा लॅपटॉप मिटायला गेले. मग खुर्ची ओढून बसले आणि कारण सांगायला लागले. बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हं," ते म्हणाले. "असं सांगत जा की."