शास्त्र घेतलेली मुलगी

मामलेदारांच्या मुलीच्या परकराला बारीक बारीक भोकं पडली होती. प्रयोग करताना ॲसिड उडालं म्हणून. ती भोकं ती मिरवायची, निदान मला तसं वाटायचं. भोकं तिच्या परकराला आणि जळत होते मी! गणितात माझे मार्क तिच्याहून जास्त. तरी सायन्सच्या वर्गात मुलांबरोबर ती एकटी मुलगी. आणि मी, पोलादपूरहून महाडला मावशीकडे शिकायला राहिलेली, बाकीच्या मुलींबरोबर गृहशास्त्राच्या तासाला काजं करत बसलेली.

हेडमास्तर म्हणायचे, "ॲसिड तोंडावर उडालं तर मुलीचं लग्न कसं व्हायचं?" तिच्या वडिलांनी शाळेत येऊन ठणकावलं, "लग्नाचं मी बघीन. तुम्ही सायन्स शिकवा." झालं, मिळाला वर्ग. मला हेवा वाटायचा तो तिच्या हुशारीचा नव्हे, बापाचा. म्हटलं, बाप आपल्यालाही आहे की! बाबांना निरोप धाडला.

बाबा भाताची लावणी अर्धी टाकून आले. हेडमास्तरांनी खुर्ची दाखवली तरी उभेच राहिले.

"पोरीला शास्त्र शिकायचं हाय म्हनते," बाबा म्हणाले.

"शास्त्रच तर शिकते ती. गृहशास्त्र," हेडमास्तर हसले.

"शास्त्रच हाय ना? मंग झालं तर!" बाबा माझ्याकडे वळले. "उगा कशाला गो बोलावलंस?"

"बाबा, ते शिवणकाम..." मी म्हणेपर्यंत त्यांनी निरोपाचे हात जोडलेसुद्धा.

एस.टी. स्टँडवर उमरठचे एक ओळखीचे भेटले. त्यांना बाबांनी मोठ्यानं सांगितलं, "आमची पोर शास्त्र शिकते. मामलेदारांच्या पोरीसारखी!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात तीच समोरून शाळेतून घरी चाललेली. तिनं ऐकलं आणि धावत आली.

"तुलाही मिळालं? अगं, बरं झालं! माझ्या बाकावर कुणीच बसत नाही गं. नुसते हसतात मागे बसून. उद्यापासून माझ्या शेजारी बस हं."

इतके दिवस मनातल्या मनात तिच्या नावानं बोटं मोडली होती. आता धड राग धरावा, तर तेवढंही तिनं राहू दिलं नाही. मी बाबांकडे पाहिलं.

"बसंल की," बाबा म्हणाले. "का नाय बसायची?"