मेतकुटाच्या डब्यातला कागद

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत यशोधन करंदीकर कॉम्प्युटरच्या चुका शोधायचे. स्वतःची एकही त्यांना कधी सापडली नाही. १९८८ पर्यंत ते ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पाच वेळा नापास झाले, तेही अर्थात परीक्षकांच्या चुकीने. राउंडअबाउटवर, म्हणजे तिथल्या गोल चौकात, ते साऱ्या जगाला वाट देत उभे राहत. दारातली गाडी दर रविवारी धुतली जाई आणि तिथेच वाळे.

बायको सुप्रभा मात्र गुपचूप शिकून दिवाळीआधी पहिल्याच फटक्यात पास झाली. नवऱ्याच्या मनाला लागेल म्हणून तिने पास झाल्याचा कागद मेतकुटाच्या डब्यात लपवला आणि कामावर बसनेच जात राहिली.

फेब्रुवारीत, सहाव्या टेस्टच्या सकाळी शिकवणाऱ्याला ताप आला. आता टेस्ट सेंटरपर्यंत गाडी नेणार कोण? यशोधननी पेपराची नीट घडी घातली.

"डब्यातला कागद घे आणि चल," ते शेवटी म्हणाले.

"अहो, तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीत. मेतकूट खाताना."

"आणि थंडीभर मला बसने जाऊ दिलंत?"

"मी पास होणारच होतो ना."

सुप्रभाने किल्ली घेतली. पहिला राउंडअबाउट आला, तशी शेजारून सूचना आली, "थांब, वाट दे."

रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.