नक्कलमावशी आणि मुजुमदारांचं विल

नक्कलमावशींचा राग आधी कानांत उतरायचा. चेहरा शांत, हात मांडीवर, आवाज खालच्या पट्टीतला, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या की त्यांची लेक मनीषा हळूच म्हणायची, “आता कुणाचं तरी काही खरं नाही.” मी सिडनीतल्या गिरावीनच्या त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा हा राग घरभाड्याच्या एजंटवर होता. ऐन जुलैच्या थंडीत घरातलं गरम पाणी आठ दिवस बंद होतं आणि तो गृहस्थ रोज फोनवर ‘नो वरीज’ म्हणत होता. “काळजी करायची की नाही हे ठरवणारा तो कोण?” मावशी मला म्हणाल्या. माझं नावही त्यांना अजून नीट माहीत नव्हतं. “कधी दुरुस्त करणार ते लिहून दे म्हणावं. तोंडाला सही नसते.”

सातारच्या जिल्हा न्यायालयात, नक्कल विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कोर्टातल्या कागदाची सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत म्हणजे नक्कल, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. एका गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या एका उत्साही मुलीनं त्यांना विचारलं, “मावशी, यंदा स्टेजवर कुणाची नक्कल करणार?” मावशी म्हणाल्या, “अस्सल पाहिल्याशिवाय मी नक्कल देत नाही.” तेव्हापासून त्या नक्कलमावशी झाल्या. मनीषाकडे व्हिजिटर व्हिसावर यायच्या, वर्षभर राहायच्या, परत जायच्या, पुन्हा यायच्या.

नोकरीबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदाच बोलल्या, मटार सोलता सोलता. “माझ्या खिडकीशी बायका सगळ्यांत शेवटी यायच्या. आधी दीर यायचा, मग पुतण्या, मग त्यांचा वकील. सगळं उरकलं, सातबाऱ्यावर नावं चढली, की मग बाई यायची. पदर डोक्यावर घेऊन विचारायची, माझ्याबद्दल काही लिहिलंय का हो त्यात? आणि लिहिलेलं असायचं! अगं, दहा-दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं असायचं. तिला कुणी वाचून दाखवलेलं नसायचं, एवढंच.” हे सांगतानाही त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुलभाताई माझ्याकडे आल्या.

सुलभाताई मुजुमदार या मुजुमदारकाकांच्या दुसऱ्या पत्नी. काका निवृत्त इंजिनिअर. पहिली बायको गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, पुण्याच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सुलभाताईंशी त्यांनी लग्न केलं आणि त्यांना सिडनीला आणलं. नव्याची नवलाई ओसरायच्या आत काकांना पार्किन्सनचा आजार निघाला. पुढची नऊ वर्षं त्यांना भरवणं, उठवणं, फिरवणं, दाढी करणं, सगळं सुलभाताईंनी केलं. काकांचा मुलगा समीर आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. हसतमुख, कामाला वाघ. आम्ही नवीन आलो तेव्हा तो आम्हाला विमानतळावर घ्यायला आला होता. आमचं पहिलं डायनिंग टेबल त्याच्याच गराजमधलं. हा समीर चारचौघांत सुलभाताईंची ओळख ‘डॅडच्या केअरर’, म्हणजे आजाऱ्याची देखभाल करायला ठेवलेली बाई, अशी करून द्यायचा. आम्ही सगळे ते ऐकायचो आणि हातातल्या प्लेटकडे बघायचो.

काका गेले. चार महिन्यांनी सुलभाताई माझ्या किचनमध्ये बसून सांगत होत्या, “समीर म्हणतो, बाबांनी विल केलंच नाही. घर त्याच्या नावावर होतंय. माझं पुण्याचं तिकीट काढलंय त्यानं. वन-वे.”

पुण्यात त्यांचा एक भाऊ होता, दोन खोल्यांत चार माणसं घेऊन राहणारा. मला हे माहीत होतं. तरीही मी म्हणाले, “ताई, आता जाऊ दे. कोर्टकचेरी करून काय मिळणार? तिकडे आपली माणसं तरी आहेत.” हे वाक्य मी बोलले होते, हे आज लिहितानाही माझी मान खाली जाते. नक्कलमावशी तेव्हा समोरच चहा पीत होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला.

“विल नाही, हे कुणी सांगितलं?”

“समीरनं.”

“समीरला कुणी सांगितलं?”

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं.

“कागद पाहिलात?”

“नसलेला कागद कसा पाहणार, मावशी?”

“नसेल तर नाही असा शेरा मिळेल. तोही कागदच. तू ग,” त्या माझ्याकडे वळल्या, “तो तुझा लॅपटॉप आण. जाऊ दे म्हणायला तोंड आहे, तर शोधायला हातही असतील.”

इकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, राज्याच्या सुप्रीम कोर्टातून मिळतो. हे मी वाचून दाखवल्यावर मावशी चमकल्या. “सुप्रीम? साध्या विलासाठी?” मग स्वतःच म्हणाल्या, “नाव काही का असेना, दप्तर असलं म्हणजे झालं.” प्रोबेटसाठी अर्ज करण्याआधी त्याची नोटीस कोर्टाच्या वेबसाइटवर टाकावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. मी काकांचं नाव टाकलं. काही आलं नाही. नुसतं आडनाव टाकलं. काही नाही. सुलभाताई उठायला लागल्या. “समीर खोटं कशाला बोलेल?”

“बसा खाली,” मावशी म्हणाल्या. “एकतीस वर्षांत एका माणसाचं एकच नाव मी पाहिलेलं नाही. औषधं तुम्हीच द्यायच्या ना? डबीवर नाव कसं लिहिलेलं असायचं?”

सुलभाताईंनी डोळे मिटले. दिवसातून चार वेळा, नऊ वर्षं, ती डबी त्यांनी हातात घेतली होती. “झेड,” त्या म्हणाल्या. “मुजुमदारमधल्या ‘जु’ला डबीवर जे नसायचा. झेड असायचा. पासपोर्टावरही तसंच होतं म्हणायचे.”

मंडळाच्या यादीत जे, दिवाळी अंकातल्या जाहिरातीत जे, म्हणून मीही जे टाकला होता. झेड टाकला आणि नोटीस समोर आली. काकांचं पूर्ण नाव, आमचाच सबर्ब, ‘विल’ हा शब्द, त्या विलची तारीख, आणि एक्झिक्युटर, म्हणजे विल अमलात आणणारा, म्हणून समीरचं नाव. ‘बाबांनी विल केलंच नाही’ असं त्यानं सुलभाताईंना सांगितलं, त्याच्या सहा आठवडे आधी ही नोटीस त्यानंच दिली होती.

मला आठवतंय, मला पहिल्यांदा राग आला तो त्या डायनिंग टेबलाचा. त्याच टेबलावर लॅपटॉप होता.

प्रत ऑनलाइन मागवता आली असती. मावशींनी ऐकलं नाही. “खिडकीशी गेल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही,” हे त्यांचं ठाम मत. मी शुक्रवारी रजा टाकली आणि आम्ही तिघी जवळच्या टूनगॅबी स्टेशनवरून ट्रेननं सिटीत गेलो. नोटिशीचा प्रिंट, काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, लग्नाचं सर्टिफिकेट, सुलभाताईंचा पासपोर्ट, सगळं मावशींनी क्रमानं लावलं होतं. कोर्टाच्या रजिस्ट्रीत बसून सुलभाताई प्रतीसाठीचा फॉर्म भरत होत्या. मृताचं नाव, झेडनं. मृत्यूची तारीख. हव्या असलेल्या प्रती: विल आणि प्रोबेटचा हुकूम. पुढचा रकाना होता मृताशी नातं. तिथं त्यांचं पेन थांबलं.

“इथं काय लिहू?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “केअरर लिहू का?”

मावशींच्या आवाजानं रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “काय लिहू म्हणून काय विचारता? बायको लिहा! डबल्यू, आय, एफ, ई! नऊ वर्षं त्या माणसाचं सगळं केलंत, आणि त्या पोरानं तुमच्याकडून तुमचंच नातं काढून घेतलं? लिहा!”

सुलभाताईंनी लिहिलं. अक्षर इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.

काउंटरवरचा गृहस्थ समजूतदार होता. त्यानं कागद पाहिले, फाइलचा नंबर शोधला आणि म्हणाला, “प्रोबेट मिळालेलं आहे. प्रत पाठवू, थोडे आठवडे लागतील.” मावशींनी त्यांच्या कोर्टातल्या इंग्रजीत विचारलं, “थोडे म्हणजे किती? काइंडली पुट इट इन रायटिंग.” तो हसला, नंबर आणि अंदाजे तारीख एका चिठ्ठीवर लिहून त्यानं दिली आणि विचारलं, “आर यू हर लॉयर?” “नो,” मावशी म्हणाल्या. “कॉपीइंग सेक्शन. सातारा.”

प्रत आली तेव्हा सुलभाताईंच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. मनीषाच्या किचनमध्ये मी मोठ्यानं वाचलं. घर शेवटी समीरचंच होतं. पण त्याआधी एक कलम होतं: माझी पत्नी सुलभा हिला ती हयात असेपर्यंत, तिची इच्छा असेल तोवर, या घरात राहण्याचा हक्क राहील, तिला कुणी जायला सांगू नये.

सुलभाताईंनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि तळाशी असलेली काकांची वेडीवाकडी सही बघितली, बाजूची तारीख बघितली. “त्या दिवशी मीच त्यांना शर्ट घातला होता,” त्या म्हणाल्या. “बँकेत जायचंय म्हणाले होते. टॅक्सीत बसवलं, तर म्हणाले, तू नको येऊस, जरा आराम कर.”

समीर दोन दिवसांनी मनीषाच्या ड्राइव्हवेवर उभा राहिला. सुलभाताईंच्या बाजूनं एका वकीलबाईंचं पत्र त्याला पोचलं होतं. “आंटी, धिस इज अ फॅमिली मॅटर,” तो मावशींना म्हणाला. “तुम्ही यात पडू नका.”

“घरचाच मामला होता, तर घरातल्या बाईला विल दाखवलं का नाहीस?”

“मी काही लपवलेलं नाही. कोर्टात आहे, कुणालाही बघता येतं.” आणि मग तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. “त्यांनी कधी विचारलंच नाही.”

विचारलंच नाही! ज्या बाईला ‘नाही’ म्हणून सांगितलं, तिनं ‘नाही’ कुठं ठेवलंय हे विचारायचं होतं! मी काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. मावशी मात्र ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “तू विमानतळावर लोकांना आणायला जातोस ना रे? सगळे तुझं नाव काढतात. मग बापाच्या बायकोला विमानतळावर सोडायची एवढी घाई कशी झाली?” समीर गाडीत बसला आणि गेला. तिकीट रद्द झालं. सुलभाताई त्या घरात राहिल्या, अजूनही राहतात.

इथं गोष्ट गोड व्हायला हवी होती. झाली उलटीच. मंडळात कुजबुज सुरू झाली ती समीरबद्दल नव्हे, मावशींबद्दल. घरातली गोष्ट कोर्टात नेली. सुखी कुटुंबात बिब्बा घातला. येऊन-जाऊन राहणारी बाई, हिला काय पडलंय? पुढच्या कार्यक्रमाला मनीषाला निरोप मिळाला, ‘मावशींना जरा सांभाळून आण.’ ज्यांच्या प्रत्येक होळीला सुलभाताईंनी पुरणपोळ्या लाटून दिल्या होत्या, त्यांतल्या एकीनं मला विचारलं, “पण त्यांनी एवढं ताणायला हवं होतं का?” माझा नवरासुद्धा काही दिवस म्हणत होता, “समीर मनानं वाईट नाहीये ग.” समीर सेक्रेटरी होता तो सेक्रेटरीच राहिला.

मावशींना हे सगळं कळत होतं. मी एकदा त्यांना विचारलं, “वाईट नाही वाटत?” त्या म्हणाल्या, “वाटतं की. सातारलाही वाटायचं. पण वाईट वाटलं म्हणून नक्कल अडवून ठेवली, असं मी कधी केलं नाही.”

व्हिसा संपला आणि त्या परतल्या. पुन्हा यायच्या होत्या, फॉर्मही भरून झाला होता. ते राहूनच गेलं. सातारला एका सकाळी अंघोळीला जाताना त्या पडल्या, आणि मनीषा विमानात असतानाच गेल्या.

सुलभाताईंनी त्यांच्या तेराव्याचं जेवण आपल्या घरी घातलं. पंचवीस जणांचा स्वयंपाक केला. आलो आम्ही नऊ जण. त्या दिवशी दुपारी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. खाली हात जोडलेले, फुलं, दिवा. ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशींना भावपूर्ण श्रद्धांजली. किती प्रेमळ स्वभाव!’ त्याखाली समीरचे जोडलेले हात. मग आणखी चाळीस जणांचे.

मी सुलभाताईंच्या ओट्याशी उभी होते, हात खरकटे. हात धुतले, पुसले आणि लिहायला बसले. लिहिलं की मावशी प्रेमळ वगैरे नव्हत्या, संतापी होत्या, आणि त्यांना संताप यावा असं आपण सगळ्यांनी वागून दाखवलं होतं. त्यांना भांडखोर कोण म्हणालं होतं ते नावानिशी लिहिलं. सुलभाताईंना विल नसल्याचं कुणी सांगितलं तेही लिहिलं. आणि ते ऐकून ‘आपली माणसं तिकडे आहेत’ असं म्हणणारी मी होते, हेही लिहिलं. नवरा मागून वाचत होता. “हे पाठवलंस तर आपल्याला कुणी बोलावणार नाही,” तो म्हणाला.

“नको बोलवू देत,” मी म्हणाले. खाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि पाठवून दिलं.