शेवटच्या स्टेशनातली विहीर

मोहटोल्याला गाडी यायची ती परत फिरायलाच. पुढे रूळ नव्हते, जंगल होतं. छोट्या लाईनचं ते शेवटचं स्टेशन. डाव्या हाताला फलाट आणि तिकिटाची खिडकी, त्याच्या पुढे बांबूंनी भरलेली मालाची शेड. अगदी टोकाला इंजिन फिरवायची लोखंडी चक्री, आणि तिच्या बाजूला विटांच्या खांबांवर पाण्याची टाकी. ह्या टाकीच्या पायाशी शकुबाईच्या सासऱ्याने, सोमाजीने खणलेली विहीर होती. स्टेशन नंतर आलं, विहीर आधीची.

आता स्टेशनाच्या पोटात विहीर गेलीच कशी? तर म्हाताऱ्या सोमाजीच्या तोंडाने गेली. ह्या झाडीपट्टीच्या मुलखात नव्या विहिरीला पाणी लागलं की तिचं लग्न लावतात. हळद लागते, नारळ फुटतो, गावजेवण होतं. एकदा लग्न लागलं की खणणाऱ्याने तिला 'माझी' म्हणायचं नाही. उजवून दिलेल्या लेकीवर बाप हक्क सांगतो का? तसंच ते. लाईन टाकणारा गोरा साहेब आला आणि त्याने दुभाष्याकडून विचारलं, "विहीर कोणाची?" सोमाजीने हात जोडून सांगितलं, "कोनाचीच नाई मायबाप, सबकी आहे." साहेबाने पहिलं अर्धं ऐकलं आणि बेवारशी माल म्हणून विहीर स्टेशनात घेतली. म्हातारा मरेपर्यंत म्हणत होता, मी खोटं काय बोललो? खोटं काहीच बोलला नव्हता, म्हणून तर शकुबाईचा जास्त जळफळाट व्हायचा.

तरी इतकी वर्षं निभलं. इंजिन प्यायचं, गावही प्यायचं. मग स्वराज्य आलं, आणि त्यानंतर सात-आठ वर्षांनी एका कोरड्या उन्हाळ्यात नवा मास्तर आला. गोऱ्याने जे केलं नव्हतं ते आपल्या माणसाने केलं. विहिरीभोवती काटेरी तार ओढली, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप ठोकलं. म्हणे पाणी उतरलंय, इंजिनाला पुरलं पाहिजे. गावाने कुठे जायचं? नाल्यात. वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीने घागर भरायची. टाकीतून इंजिनाच्या पोटात धो धो पडणारं पाणी मात्र झिऱ्यापर्यंत ऐकू यायचं. शेजारची बुधरी ओली बाळंतीण होती. भरली घागर घेऊन चढताना ती उताराला घसरली. घागर फुटली, गुडघा फुटला, आणि ती तिथेच बसून रडली.

शकुबाईने तिला उठवलं, घरी पोचवलं आणि तशीच पदर खोचून स्टेशनात गेली. डोकं भणभणत होतं.

तेव्हा चक्रीवर इंजिन चढलेलं होतं. ही चक्री माणसांनी ढकलायची. लांब दांड्याला छाती लावून चौघांनी गोल फिरायचं, की इंजिनाचं तोंड परतीला होतं. चौघांत पहिला शकुबाईचाच नवरा, लटारू. इंजिन अर्धं फिरलं होतं तेवढ्यात ती दांड्यासमोर जाऊन फतकल मारून बसली.

"अवं, हट ना! काऊन बसली इथी?" लटारू ओरडला.

"ढकल, हिंमत असन त माह्या अंगावरून ढकल. पन फाटक उघडल्याबिगर मी हटत नाई."

इंजिन तसंच आडवं राहिलं, ना घर का ना घाट का. चक्रीवरचे रूळ बाहेरच्या कुठल्याच रुळाला जुळेनात. मास्तर धावत आला.

"लटारू, हाकल तुझ्या बायकोला! नाहीतर नोकरी गेली समज!"

लटारूने बायकोकडे पाहिलं. हा माणूस उभ्या जन्मात कोणाला उलटून बोलला नव्हता. त्याने दांड्यावरून छाती काढली आणि बाजूला होऊन उकिडवा बसला. पाठोपाठ बाकीचे तिघंही बसले.

मग मास्तरचा आवाज गोड झाला. "बाई, विहीर तुझ्या सासऱ्याने खणली ना? मग म्हण की माझी आहे. तुझ्या घरापुरतं पाणी मी देतो, रोज भरून ने."

शकुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी माही म्हनू? अन् बुधरीनं झिऱ्यात वाळू चाटाची? सोमाजीची सून हाओ मी! लग्न लागलेल्या विहिरीले माही म्हन सांगाले तुले लाज नाई वाटत?"

वरून ड्रायव्हर कमरुद्दीन ओरडला, "बडे बाबू, सवाऱ्या बोंबलून राह्यल्या! वर जवाब तुमालेच द्या लागन!"

तेवढं मात्र मास्तरला कळलं. त्याने कनवटीची चावी काढली आणि तिच्या पुढ्यात फेकली. "घे! तुझीच विहीर! बांध गळ्यात!"

शकुबाई उठली. कुलूप उघडलं, फाटक सताड लोटलं. मग विहिरीवर वाकून कुलूप आणि चावी दोन्ही आत सोडली.

"आता लाव कुलूप," ती म्हणाली, आणि लटारूकडे वळली. "ढकला रे आता. लोकायले घरी जाचं आहे."

संध्याकाळी गावच्या बायांनी विहिरीवरून घागरी नेल्या. बुधरीची घागर शकुबाईने स्वतः पोचवली. मास्तरने दुसरं कुलूप आणलं नाही, पण डूख धरला. पावसाळा लागायच्या आत चक्रीवरून लटारूला काढलं. कारण दिलं, अंगात जोर राहिला नाही. पुढे तो बांबू तोडायला जंगलात जाऊ लागला. तिच्यावर एका शब्दाने चिडला नाही, आणि त्याचाही तिला राग यायचा.

गावात मात्र लोक त्या विहिरीला शकुबाईची विहीर म्हणायला लागले. कौतुकानेच म्हणायचे. शकुबाई म्हातारी झाल्यावर एकदा नवी परणून आलेली एक सून तिच्यादेखत म्हणाली, "शकुबाईच्या विहिरीचं पानी लय गोड आहे." म्हातारीने तिच्या हातातला दोर हिसकावून घेतला.

"कोनाची म्हनली?"

पोरगी घाबरून मागे सरली. शकुबाईने स्वतः बादली ओढली, तिची घागर काठोकाठ भरली आणि उचलून तिच्या डोक्यावर दिली.

"माही नाई," ती म्हणाली. "चाल, ने पानी."